राउनोच्या तासाला ऐंशी अंश

शनिवारचा सहाचा तास म्हणजे काय, हे ज्याच्या सोसायटीत सॉना नाही त्याला समजावून सांगता येत नाही, आणि ज्याच्या सोसायटीत आहे त्याला सांगावं लागत नाही. तळघरात सॉना, म्हणजे तापवलेल्या दगडांची घाम काढायची खोली, एक, वर मजले चार, आणि आठवड्यात शनिवार एकच; प्रत्येक घराला एक ठरलेला तास. मंगळवारी चारचा तास कुणालाही मिळतो. मंगळवारी चारला सॉनात बसलेला माणूस एकतर निवृत्त असतो किंवा बायकोशी भांडलेला. शनिवारचा सहाचा तास मात्र दोनच कारणांनी रिकामा होतो: कुणी घर सोडलं तर, नाहीतर जग सोडलं तर. आम्हाला तो मिळाला तेव्हा माझ्या बायकोनं, मार्केत्तानं, बहिणीला फोन करून रडत रडत सांगितलं होतं. आमच्या लग्नात ती रडली नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, तासाची किंमत कळावी म्हणून सांगतोय.

हा तास मी पणाला लावला. एका सूत्रावर. आणि आजही छातीवर हात ठेवून सांगतो, सूत्र बरोबरच होतं.

झालं असं की सोसायटीच्या वार्षिक सभेत राउनो उठून उभा राहिला. राउनो तिसऱ्या मजल्यावर राहतो. जन्मभर आमच्या ताम्पेरे शहराच्या रस्त्यांवर बस चालवली, त्यामुळे उभा राहिला तरी बसल्यासारखाच दिसतो आणि बोलताना समोर न बघता आरशात बघितल्यासारखं बघतो. त्याचा तास शनिवारी आठचा. पाचला तळमजल्याच्या हिल्याबाई, सहाला आम्ही, सातला कुणीच नाही, कारण तेव्हा टीव्हीवर लॉटरीची सोडत असते, आणि आठला राउनो. भट्टी सातच्या ठोक्याला बंद व्हायची. वीज वाचवायची म्हणून आमच्या व्यवस्थापकानं तशी कळ लावून ठेवली होती. म्हणजे राउनोच्या वाट्याला आमची उरलेली ऊब.

"कोमट," राउनो म्हणाला आणि खाली बसला.

आमच्याकडे एवढं भाषण पुष्कळ होतं. सभेत खळबळ उडाली. हिल्याबाई म्हणाल्या, "अहो, त्यानंच थोडं आधी खाली यावं, भट्टी लावावी, कॉफी प्यावी, मग बसावं. आम्ही लहानपणी काय करत होतो?"

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं.

"थोडं म्हणजे थोडं."

आता मी आयुष्यभर कागदाच्या गिरणीत यंत्रांचे आज्ञासंच लिहिले. वाळवणीचे रूळ किती तापवायचे, कधी थांबवायचे, हे सगळं मी संगणकाच्या सी भाषेत लिहिलेल्या ओळींवर चालायचं. 'थोडं म्हणजे थोडं' असं कुणी म्हणालं की मला बसवत नाही. मी उठलो. मार्केत्ता कॉफीच्या किटलीपाशी होती, तिनं तिथूनच डोळे मोठे केले, पण मी त्यावेळी सभेशी बोलत होतो.

मी सांगितलं की जगात सगळं एकाच रीतीनं तापतं आणि एकाच रीतीनं निवतं. आधी झपाट्यानं, मग रेंगाळत. कॉफी, सॉना, नव्या जावयाचं कौतुक, सगळं. या रेंगाळण्याचं गणित सी भाषेच्या गणिती भांडारात आयतं मिळतं, त्या फंक्शनचं नाव एक्स्प. पंधरा ओळींचं काम. राउनोनं आठला दार उघडलं की आत बरोब्बर ऐंशी अंश असतील. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"आणि नसले तर?" राउनोनं आरशात बघून विचारलं.

इथं शहाण्या माणसानं हसून विषय बदलला असता. मी म्हणालो, "नसले तर आमचा सहाचा तास तुझा. तुझा आठचा आम्ही घेऊ."

किटली टेबलावर आदळल्याचा आवाज आला.

अध्यक्ष तूलिक्कीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. संधी दिसली की त्या नियम करतात. सॉनातलं भिंतीवरचं तापमापक कधीपासून सत्तरवर अडकलेलं आहे, उन्हाळा असो की हिवाळा, तेव्हा आकड्यांवर विसंबता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग इतिवृत्तात लिहिलं गेलं ते असं: जूनच्या पहिल्या शनिवारी चाचणी, राउनोच्या तासात कुणाही तासवाल्यानं सॉनाच्या उष्णतेबद्दल तक्रार केली, कमी म्हणा की जास्त म्हणा, किंवा राउनो नाहीतर मी तास संपण्याआधी बाहेर पडलो, तर काउको होन्कालाचा तास गेला. काउको होन्काला म्हणजे मी. सगळ्यांनी हात वर केले. हिल्याबाईंनी तर दोन्ही.

घरी जाताना दाराशी आल्यावर मार्केत्ता म्हणाली, "काउको, आठवड्यात मला आवडणारी एकच गोष्ट आहे."

"मी?" मी विचारलं.

"दोनही म्हणता येतील," ती म्हणाली, "पण पहिली कुठली ते तुला माहीत आहे."

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. ओळी लिहिल्या, यंत्राला दिल्या. यंत्र म्हणालं, एक्स्प कोण? मी म्हटलं, अरे, वरच तर लिहिलंय, गणिताच्या भांडारातला तो! यंत्र ऐकेना. या गोष्टी सामान्य माणसाला ठाऊक नसतात, म्हणून सांगतो. सी भाषेत भांडाराचं नाव वर लिहिणं म्हणजे पाहुण्याला नुसतं आमंत्रण धाडणं. त्याला इमारतीत शिरायला दाराचा आकडा वेगळा द्यावा लागतो, शेवटच्या आज्ञेला एल-एम जोडून. मी तो द्यायला विसरलो होतो, कारण गिरणीत ते काम आमचा एक हाताखालचा माणूस करायचा. दुपार गेली. मार्केत्ता मागून जाता जाता म्हणाली, "अजून तापला नाही वाटतं."

मग पाहुणा आत आला, पण मी सूत्रात वजा चिन्ह टाकायला विसरलो. वजा चिन्ह म्हणजे एवढीशी आडवी रेघ, तिच्यावाचून सगळं उलटं. माझ्या ओळींनुसार भट्टी लावल्यावर पाऊण तासात सॉना उणे अठरा अंशांवर जाणार होता. म्हणजे आमच्या फ्रीजरमध्ये मासे असतात तितका. चिन्ह टाकलं आणि उत्तर कसं सुतासारखं सरळ आलं.

आता एकच आकडा हवा होता: आमचा सॉना किती आळशी आहे. म्हणजे तापायला किती वेळ घेतो. हा प्रत्येक खोलीचा स्वभाव असतो आणि तो मोजावाच लागतो. मी मार्केत्ताचं मांसाचं तापमापक घेतलं, ते जे भाजताना आत खुपसतात ते, आणि बुधवारी दुपारी रिकाम्या सॉनाच्या बाहेर खुर्ची टाकून बसलो. तापमापक आत टांगलेलं, दाराच्या काचेतून वाचायचं. दार अजिबात उघडायचं नाही, एवढीच अट.

पहिल्यांदा दार हिल्याबाईंनी उघडलं. त्यांना वाटलं मी कोंडलो गेलोय, बाहेरून.

"काय मोजता?"

"उष्णता."

"मग आत बसा की. कातडीला कळतं."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा दार राउनोनं उघडलं, आत डोकं घातलं, हुंगलं आणि म्हणाला, "बसचं इंजिन मी आवाजावरून ओळखायचो." हे त्यानं कशाबद्दल सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो गेला. जाताना दार किंचित उघडं राहिलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग वरच्या मजल्यांवरून एकेक जण कपड्यांची बादली घेऊन, सायकलीचं कुलूप शोधत, मांजर बघायला म्हणून खाली येऊ लागला. कुणी सांगे दगड बदला, कुणी सांगे दगड धुवा, कुणी सांगे दगडांना हात लावू नका. आमच्या लोकांना एरवी जिन्यात कुणी दिसलं तर दाराआड थांबायची सवय. पण सॉनाला हात लागला की प्रत्येकाला कंठ फुटतो. शेवटी शुक्रवारी हे मोजमाप जमलं. आळसाचा आकडा साठ मिनिटांच्या आसपास निघाला. सूत्रात घातला आणि उत्तर आलं: राउनोच्या तासाआधी वीस मिनिटं आणि थोडे दशांश इतका वेळ भट्टी लावायची.

वीस मिनिटं. हिल्याबाईंचं 'थोडं' साधारण तेवढंच होतं, असं मार्केत्ता म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता राहिली ती परवानगी. आमच्या सोसायटीचा व्यवस्थापक यार्क्को शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत बसतो आणि त्याच्याकडे अशा बऱ्याच इमारती आहेत. तरुण माणूस, शर्ट इस्त्रीचा, आवाज मऊ. मी त्याला विचारलं की भट्टीला माझा संगणक जोडू का.

"विजेचा परवाना असलेला माणूस लागेल," तो म्हणाला, "आणि आगीच्या दृष्टीनं अभिप्राय. आणि त्या सूत्राला मान्यता आहे का?"

"सूत्राला? शेकडो वर्षांचं आहे ते."

"मग आमच्या देखभाल-नोंदीच्या आधीचं झालं. अवघड आहे."

पुष्कळ घासाघीस झाल्यावर असं ठरलं की संगणक घरीच राहील, आकडा देईल, आणि मी चपला घालून खाली जाऊन हातानं कळ फिरवीन. म्हणजे गणिताच्या शिखरावरून मी थेट भट्टीवाला झालो. तेही मी गिळलं. पण निघताना यार्क्को म्हणाला, "एक मात्र आहे. देखभालीच्या नोंदीत दशांश चालत नाहीत. पूर्ण मिनिटंच हवीत."

"वीस लिहा की."

"तुमच्या यंत्रातून जसं येईल तसं लिहावं लागतं. यंत्रातूनच पूर्ण येऊ दे."

ठीक आहे. मी घरी आलो आणि सगळे दशांश झाडून काढले. मिनिटं पूर्ण, आळसाचा आकडा पूर्ण, सगळं कसं नीटनेटकं, रविवारी आवरलेल्या घरासारखं. पुन्हा चालवलं तर उत्तर आलं साठ. वीस नाही, साठ. क्षणभर मला खटकलं, खोटं कशाला बोलू. पण वीस मिनिटं मला पहिल्यापासून किरकोळ वाटत होती. एवढा प्रपंच केल्यावर माणसाला साठच शोभतात. मी यार्क्कोला साठ कळवले. त्यानं नोंद केली आणि अभिनंदन केलं.

चाचणीच्या शनिवारी सातला मी कळ फिरवली. आमचा सहाचा तास नुकताच झाला होता, मार्केत्ता केस पुसत घरी गेली होती, आणि दाराशी वळून तिनं सॉनाकडे निरोप दिल्यासारखं पाहिलं होतं. पण माझा सूत्रावर विश्वास होता. आठला पाच कमी असताना सगळे जमले. तूलिक्कीबाई कपडे बदलायच्या खोलीत इतिवृत्ताची वही आणि कॉफीचा थर्मास घेऊन बसल्या. आत जाणार तिघे: राउनो, साक्षीला मी, आणि सोसायटीतर्फे यार्क्को, जो शर्टाशिवाय फारच लहान दिसत होता.

राउनोनं दार उघडलं. तो जागीच थांबला. मग आत गेला. मग मी गेलो, आणि माझ्या कानांच्या पाळ्यांना असं वाटलं की कुणीतरी त्या चिमट्यात धरल्या आहेत.

आम्ही वरच्या बाकावर बसलो. वरच्याच. खालच्या बाकावर मुलं आणि परदेशी पाहुणे बसतात. मी टॉवेलच्या घडीत मांसाचं तापमापक आणलं होतं. हळूच बघितलं. एकशे चार.

काहीतरी चुकलं होतं हे आता माझ्यासारख्यालाही मान्य करावं लागलं असतं, पण मान्य करायला मी मोकळा नव्हतो. मी बाहेर पडलो तर तास गेला. मी तोंड उघडलं तर तास गेला. आणि माझ्या शेजारी राउनो बसला होता, ज्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'गरम.' एवढा एक शब्द, की शनिवारचा सहाचा तास त्याचा.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता. त्याच्या कपाळावरून घाम नव्हे, धारा चालल्या होत्या. ओठ थोडे हलले. मला वाटलं, आता बोलणार.

"बरंय," राउनो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो बोलूच शकत नव्हता! सॉना थंड आहे म्हणून आमच्याकडचा पुरुष सभा घेईल, अर्ज करील, कोर्टात जाईल. पण सॉना गरम आहे असं म्हणणारा पुरुष या देशात अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर ताम्पेरेत येणार नाही. राउनोनं तो शब्द उच्चारला असता तर सहाचा तास मिळाला असता, पण तिसऱ्या मजल्यावर राहणं अशक्य झालं असतं.

यार्क्कोनं काहीतरी पुटपुटत कानाला हात लावला, जणू फोन वाजला. फोन बाहेर होता. तो गेला तो परत आलाच नाही. पण तो तासवाला नव्हता, त्यामुळे त्याचं जाणं नियमात बसत नव्हतं.

"काही तक्रार?" बाहेरून तूलिक्कीबाईंचा आवाज आला.

"नाही!" आम्ही दोघं एका सुरात ओरडलो.

"वडील म्हणायचे," राउनो जरा वेळानं म्हणाला, "सॉना कधी गरम नसतो. माणूस कच्चा असतो." आणि या शहाणपणाला धरून त्यानं पळी उचलली, बादलीत बुडवली आणि पाणी दगडांवर ओतलं.

वाफ आली. तिचं वर्णन मी करणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. माझं नाक मला नकोसं झालं. मी खाली वाकलो, तर राउनोनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. नखं बघतोय."

"हं."

"तू कसा आहेस?"

"जरा गारच वाटतंय," राउनो म्हणाला, आणि तो म्हणताना त्याचा आवाज एका शिट्टीसारखा निघाला. त्यानं आणखी एक पळी ओतली. या माणसाबद्दल माझ्या मनात त्याक्षणी केवढा आदर दाटून आला म्हणून सांगू! आणि केवढा राग. त्यानं चौथी पळी ओतली. मी मनात हिशेब करत होतो की माणूस किती रेंगाळत शिजतो.

तास संपायला फार नव्हता. मी जिंकत होतो. सूत्रानं दगा दिला असेल, पण आमच्या संस्कृतीनं नाही, असा विचार माझ्या मनात आला आणि मी ताठ बसलो.

तेवढ्यात दार उघडलं. मार्केत्ता. सॉसेज भाजून ठेवली होती, गार होत होती, नवरा का येत नाही म्हणून बघायला आली होती. दारातून आतली हवा तिच्या तोंडावर गेली आणि ती दोन पावलं मागे गेली.

"अगं बाई गं! ही भट्टी म्हणायची की काय? माणसं आहेत का भाकऱ्या? काउको, अरे तुझ्याकडे बघ जरा!"

बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. "मार्केत्ता," तूलिक्कीबाई हलकेच म्हणाल्या, "तू तासवाली आहेस. ही तक्रार समजायची, की नुसतं बोलणं?"

राउनोनं मान वळवली. मी मार्केत्ताकडे बघून डोळ्यांनी, भुवयांनी, खांद्यांनी, जे जे अजून हलत होतं त्या सगळ्यानं खुणा केल्या. नुसतं बोलणं, म्हण. नुसतं बोलणं! तिला सगळं कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मी तो शनिवार येताना पाहिला: पाचला टॉवेल घडी करणं, सहाला वरचा बाक, सातला खिडकीत कॉफी. मग तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं, मी उकडलेल्या खेकड्यासारखा लाल, तोंड उघडं टाकून बसलेला.

"तक्रार," ती म्हणाली. "लिहा. फार गरम आहे. ऊठ काउको, बाहेर ये."

मी बाहेर आलो. माझ्या मागोमाग राउनोही आला, अगदी सावकाश, कारण त्याला घाई असल्याचं दिसायला नको होतं. "मला काही वाटलं नाही," तो तूलिक्कीबाईंना म्हणाला आणि थंड पाण्याखाली कपाळ टेकवून उभा राहिला. सहाचा तास त्याचा झाला होता, आणि तोंडातून तो शब्द न काढता झाला होता. असं नशीब फार थोड्यांचं असतं.

घरी मार्केत्तानं माझ्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मी म्हणालो, "नुसतं बोलणं म्हणाली असतीस तर?"

"मला त्या तासाचं फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. "फारच. आत्ता मला रडू येतंय आणि मी रडणार आहे. पण शनिवारी सहाला एकटी बसून मी काय करणार होते?" आणि ती खरंच रडली. लग्नाचं जे राहिलं होतं ते त्या दिवशी फिटलं असं मी समजलो.

रविवारी सकाळी चूक सापडली. सी भाषेत पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्यानं भागलं की उरलेला तुकडा ती फेकून देते. वीस भागिले साठ, शून्य. चाळीस भागिले साठ, शून्य. एकोणसाठ भागिले साठ, तरीही शून्य. बिचाऱ्या एक्स्पला दर मिनिटाला शून्यच दिलं जात होतं, आणि तो इमानदारीनं सांगत होता की अजून काही तापलेलं नाही, अजून नाही, अजून नाही. आणि साठावं मिनिट उजाडल्यावर त्याला एकदम एक मिळाला तेव्हा तो म्हणाला, बास. म्हणजे सूत्र बरोबर, भांडार बरोबर, एक्स्प तर धुतल्या तांदळासारखा. चूक यार्क्कोच्या नोंदीची, ज्यात दशांश मावत नाहीत. मी आकड्यांपुढे दशांशाचं टिंब दिलं आणि उत्तर पुन्हा वीस आलं. तूलिक्कीबाईंना मी हे सविस्तर समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, इतिवृत्तात टिंब घालता येत नाही.

मग सुरू झाले आमचे आठचे शनिवार. सॉना ऐंशीच्या ऐंशी. माझ्या सूत्रानं एकदाही दगा दिला नाही. यार्क्कोनंही वीस मिनिटं निमूट नोंदली. पण आठ म्हणजे आठ. सॉसेज एकतर आधी खायची आणि जड पोटानं बसायचं, नाहीतर नंतर खायची आणि जड पोटानं झोपायचं. मार्केत्ताची बहीण पूर्वी सॉनानंतर कॉफीला यायची, तिची परतीची बस चुकू लागली, मग ती यायची थांबली. मार्केत्ता बाकावर बसायची, पाणी ओतायची, "छान आहे," म्हणायची. ते 'छान आहे' ऐकलं की मला एकशे चार अंश परवडले असं वाटायचं.

जुलै संपता संपता एका दुपारी दाराची घंटा वाजली. राउनो. आमच्याकडे न सांगता कुणी घंटा वाजवत नाही, त्यामुळे मी आधी विचारलं, कोण गेलं?

"कुणी नाही," राउनो म्हणाला. आत आला. कॉफी घेतली. वेलदोड्याचा पाव घेतला. खिडकीबाहेर बघितलं. दुसरी कॉफी घेतली.

"तुझ्याकडे ती आहे का अजून," शेवटी तो म्हणाला.

"कुठली ती?"

"ती. आधीची."

"आधीची म्हणजे?"

त्यानं कप फिरवला. "चुकलेली," तो म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या शनिवारची बातमी बस आगारापर्यंत गेली होती. राउनो एकशे चार अंशांत तास काढून वर पाणी ओतत होता, आणि ऑफिसातला पोरगा पळाला, अशी. आगारातल्या जुन्या मंडळींना ते बघायचं होतं. राउनोनं त्यांना शनिवारी सहाला बोलावलं. मंडळी आली, वरच्या बाकावर बसली, आणि सहाच्या नेहमीच्या ऐंशी अंशांत त्यातला एक जण म्हणाला, राउनो, स्वेटर मिळेल का?

"स्वेटर," राउनो पुन्हा म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. अपमान काय असतो ते मला माहीत आहे.

"देतो की," मी म्हणालो. "टिंबं काढायची फक्त. पण चूक तापायला पूर्ण तास लागतो, राउनो. आणि सहाच्या आधी हिल्याबाई आत असतात. त्यांच्या अंगावर भट्टी पेटवायची का? तासाआधी रिकामा तास असलेला तास शनिवारी एकच आहे."

राउनोला हिशेब कळायला वेळ लागला नाही. बसवाल्यांना वेळापत्रक पाठ असतं.

"आठचा," तो म्हणाला.

"आठचा."

त्यानं आणखी एक पाव घेतला आणि चावत राहिला. स्वयंपाकघरात मार्केत्ता भांडी विसळत होती, ते पाणी बंद झालं.

"सहाचा तुम्ही घ्या," राउनो म्हणाला. "तूलिक्कीला मी सांगतो. पण एक अट. चूक कायमची हवी. पुन्हा दुरुस्त करायची नाही."

"माझा शब्द," मी म्हणालो. एखादी चूक मी कायम ठेवीन म्हटलं की ती राहते, याबाबतीत माझ्यावर कुणीही विश्वास ठेवावा.

पुढच्या शनिवारी सहाला आम्ही वरच्या बाकावर होतो. मार्केत्तानं पाणी ओतलं, डोळे मिटले आणि माझा हात धरला. सात वाजता बाहेर आलो, मी चपला घालून कळ फिरवली आणि वर जाऊन कॉफी घेतली. बहीण आली होती. आठला मला राहवेना, म्हणून मी काही आणायला निघाल्यासारखं करून तळघरात उतरलो. बाहेर बाकावर आगारवाल्यांचे कपडे नीट घडी घालून ठेवले होते, आणि दाराआडून एका दणकट माणसाचा आवाज येत होता, "राउनो, अरे, देवाशप्पथ, जरा दार..."

"बस खाली," राउनो म्हणाला. "अजून तापायचंय."